परवाना येईपर्यंत

जानकीपुरम विस्तार, लखनौ
रविवार, १५ मार्च

रा. रा. धैर्यशीलराव यांस,

शिवाजी जगदाळेचा नमस्कार. तुम्ही बायकोचे थोरले बंधू म्हणून वाकून, आणि वयानं मी तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा म्हणून फार न वाकता. (कंबर तशीही त्यापुढे जात नाही.) वहिनींचा गुडघा, तुमचं ब्लडप्रेशर आणि नव्या बोअरचं पाणी, तिन्ही ठीक असेल असं धरून चालतो. इकडे तुमची बहीण ठीक आहे. ठीक म्हणजे आठवड्यातून तीनदा, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, चार-चार तास डायलिसिसच्या मशीनला जोडलेली असते आणि उरलेल्या वेळात मला कामाला जुंपते. त्यावरून ती ठीक आहे असं आम्ही समजतो.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोनवर बोलताना मला माझाच आवाज ऐकू येतो आणि तो ऐकून मला चेव चढतो. मग जे झालं ते राहतं बाजूला, आणि जे झालं असतं तर मी शोभून दिसलो असतो ते सांगून मोकळा होतो. कागदावर तसं होत नाही. बोटं दुखतात, आणि एवढ्या कष्टानं खोटं कशाला लिहा असं वाटतं. तर सावकाश वाचा, चहा घेऊन बसा. (तुमच्या बहिणीला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं, त्यामुळे इथं आम्ही चहा गच्चीवर जाऊन चोरासारखा पितो. तुम्हाला ती अडचण नाही.)

तुम्ही मागे विचारलं होतंत की मे महिन्यात सौरभकडे जर्मनीला जाताय, तर तिथं त्याची गाडी तुम्हाला चालवता येईल का. हवाई दलाच्या एमटी सेक्शनमध्ये, म्हणजे विमानं सोडून चाकं असलेलं बाकी सगळं जिथं असतं तिथं, बत्तीस वर्षं काढलेला माणूस नात्यात असताना तुम्ही पोराला न विचारता मला विचारलंत, याचा मला अभिमान वाटला. उत्तर सोपं आहे. तुमचं लायसन चालू मुदतीचं पाहिजे. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि ठरलेला फॉर्म घेऊन तुमच्याच आरटीओत अर्ज करायचा. ते इंटरनॅशनल परमिट देतात, छोटी पुस्तिका असते, मुदत फार तर वर्षाची. ती पुस्तिका एकटी काही कामाची नाही, मूळ लायसन जवळ लागतंच. आणि ते जायच्या आधी काढायचं, कारण ज्या देशाचं लायसन त्याच देशात परमिट मिळतं. तिकडं उतरल्यावर जर्मन साहेबाकडे मागाल तर तो देणार नाही. तिकडचे बाकीचे नियम आणि विम्याचं सौरभला तिथल्या कचेरीत विचारायला सांगा. माझ्यावर विसंबू नका. का ते पुढे येईलच.

हे सगळं मला पाठ झालं ते क्षितिजामुळे. तुमची भाची तीन फेब्रुवारीला टोरांटोहून निघाली आणि चारला एक बॅग घेऊन इथं अमौसी विमानतळावर उतरली. चंद्रप्रभेनं तिला फोनवर फक्त "ये" म्हटलं होतं. आपली आई तीस वर्षांत कधी "ये" म्हणाली नाही, नेहमी "सवड असली तर बघ" म्हणते, हे ओळखून पोरगी दोन दिवसांत निघाली. नवऱ्याला, म्हणजे आमच्या विक्रमला, स्वयंपाकाच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावून देऊन आली म्हणे. आईला दवाखान्यात न्यायचं-आणायचं काम तिनं करायचं, असं ठरलं होतं. मी का नाही करायचं, तर माझी कंबर धरते, असं आम्ही दोघांनी तिला सांगितलं होतं. (कंबरेचं वर लिहिलं तेवढंच खरं आहे. वाकताना धरते, बसताना नाही.)

दुसऱ्या दिवशी गुरुवार. मी सकाळी उठून गाडी धुतली, काचा वर्तमानपत्रानं पुसल्या, हवा तपासली आणि किल्ली रुमालावर ठेवून तिच्यापुढे धरली, जसं एखाद्या नव्या पायलटपुढे विमान धरावं. पोरगी किल्लीकडे बघत राहिली. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. लखनौत वाढलेल्या पोरांचं हे असंच.

"नहीं पापा," ती म्हणाली, "मैं नहीं चला सकती. परमिट नहीं है मेरे पास."

मी म्हटलं, कसलं परमिट? तू या गावात जन्मलीस, बख्शी का तालाबच्या हवाई तळावर आपल्या क्वार्टरमागच्या मैदानात मी तुला गिअर टाकायला शिकवलं. तर म्हणे, शिकवलंत, पण इथलं लायसन मी कधी काढलंच नाही, त्याआधीच गेले. आता माझा पासपोर्ट कॅनडाचा, लायसन कॅनडाचं, इथं मी पाहुणी. पाहुण्यानं इथं चालवायचं तर तिकडचं इंटरनॅशनल परमिट पाहिजे. घाईत काढायचं राहिलं. आता इथून सही करून फॉर्म आणि फोटो पाठवते, विक्रम तिकडं अर्ज करील आणि परमिट कुरिअरनं पाठवील. तोवर नाही. मी म्हटलं, इथं कोण विचारतंय? जानकीपुरममध्ये निम्मी वाहतूक उलट्या बाजूनं येते, तिला कुणी विचारत नाही आणि तुला विचारणार? तर ती म्हणाली, विचारायचा प्रश्न नाही. उद्या मी कुणाला ठोकलं आणि माझ्याकडे कागद नसला, तर विमा कंपनी हात वर करील. "फिर उस दूसरे आदमी का क्या होगा?" मी विचारलं, कुठला दुसरा आदमी? ती फॉर्म भरायला बसली. धैर्यशीलराव, ही मुलगी तिकडं विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासते. दिवसभर तिच्या टेबलावर हे दुसरे आदमीच येत असतात, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

मग दोन आठवडे गाडी पोर्चमध्ये चकचकीत उभी आणि आम्ही तिघं रस्त्यावर. मोबाइलवरून बोलावलेली टॅक्सी तीनदा येते म्हणते आणि दोनदा येत नाही. ड्रायव्हर आधी फोन करून विचारतो, "कहाँ जाना है?" नदीपलीकडचा दवाखाना म्हटलं की म्हणतो, "अच्छा, कैंसिल कर दीजिए." एक पगारी ड्रायव्हर ठेवला, तो दोन दिवस आला आणि चुलत मेव्हण्याच्या तिलकाला, म्हणजे साखरपुड्याला, गोंडा जिल्ह्यात गेला तो गेलाच. राहिली ई-रिक्षा. एकदा परतीच्या वाटेवर आमच्याबरोबर बँडवाला बसला होता, मांडीवर त्याचा मोठा ढोल. डायलिसिसनंतर चंद्रप्रभेच्या मानेत त्राण राहत नाही. तिनं हळूच त्या ढोलावर डोकं टेकलं आणि झोपली. तो भला माणूस टेढ़ी पुलियाच्या पुढे उतरणार होता, तो आमच्या दारापर्यंत आला, ढोल हलू न देता. त्या दिवशी मी हसलो. क्षितिजा पदराआड, म्हणजे ओढणीआड, रडली. आणि तुमची बहीण जागी होऊन म्हणाली की आज झोप बरी लागली.

आता जे लिहायचं त्यासाठी मी मघाशी उठून घरात एक फेरी मारून आलो.

तुम्हाला आठवत असेल, दोन वर्षांपूर्वी तुम्ही इथं आला होतात आणि मी तुम्हाला इमामबाडा दाखवायला नेलं होतं. चंद्रप्रभा पुढे माझ्या डाव्या हाताला बसली होती आणि सगळा रस्ता तिची टकळी चालू होती. सायकल. डावीकडून टेंपो. अहो, बाई. म्हैस. उजवीकडं स्कूटर घुसतेय. तुम्ही मागून म्हणालात, दाजी, तुमच्या गाडीला हॉर्न कशाला बसवलाय, आमची चंदा आहे की. आम्ही सगळे खूप हसलो. ती नाही हसली, तिला पुढची सायकल सांगायची होती. धैर्यशीलराव, ती टकळी नव्हती. मला काचबिंदू आहे. त्याच्या आधी सहा महिने डॉक्टरांनी सांगितलं होतं. समोरचं मला लख्ख दिसतं, सुईत दोरा ओवतो, हे पत्र चष्मा पुसून स्वतः लिहितोय. पण कडेचं काही नाही. नळीतून बघावं तसं जग आहे. डॉक्टर म्हणाले गाडी चालवू नका, मी बरं म्हणालो, आणि त्यांच्याकडून घरी गाडी चालवतच आलो. त्या दिवसापासून कडेचं सगळं तुमच्या बहिणीनं बघितलं आणि मी चालवली. अडीच वर्षं. एक ओरखडा नाही. मला वाटायचं हे माझं कसब. गेल्या वर्षी लायसनची मुदत संपली तेव्हा फॉर्मवर प्रश्न होता की लोकांना धोका होईल असा काही आजार आहे का. मी "नहीं" वर खूण केली. तपासणीच्या डॉक्टरांपुढे तक्त्याची शेवटची ओळ खाडखाड वाचली, काचबिंदूचं अक्षर काढलं नाही. ते बिचारे म्हणाले, या वयात काय नजर आहे. मी ते घरी येऊन सांगितलं. तुमची बहीण तेव्हा माझ्याच डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होती.

जानेवारीत डायलिसिस सुरू झालं. पहिले काही दिवस ती जाताना सांगत होती, सायकल, टेंपो, आणि येतानाही सांगत होती, डोळे मिटून, अंदाजानं. एका शनिवारी घरी पोचल्यावर ती गाडीतून उतरलीच नाही. म्हणाली, "आता माझ्याच्यानं होत नाही. गाडी ठेवा." आणि मग क्षितिजाला फोन लावून "ये" म्हणाली. का ये, ते मी सांगू दिलं नाही.

एकोणीस फेब्रुवारी, गुरुवार. आदल्या मंगळवारी आम्ही इतके उशिरा पोचलो होतो की मशीनवर निम्माच वेळ मिळाला. बुधवारी तिचे पाय सुजले. गुरुवारी सकाळी तिला आडवं होता येईना. उशीला टेकून बसली होती आणि श्वास असा घेत होती जसा जिना चढून आल्यावर घेतात. एक टॅक्सी कॅन्सल, दुसरी कॅन्सल, अँब्युलन्स म्हणे पाऊण तास. मी खुंटीवरची किल्ली घेतली. क्षितिजा म्हणाली, "पापा, आपकी कमर?" मी म्हटलं, कमर गेली खड्ड्यात. चंद्रप्रभेनं माझ्याकडे बघितलं. तिला बोलायला श्वास नव्हता. क्षितिजा तिला धरून मागच्या सीटवर बसली. माझ्या डावीकडची सीट रिकामी.

चार किलोमीटर मी उत्तम चालवली. हे मी का लिहितोय मला माहीत नाही, पण उत्तम चालवली. मग डावीकडे वळायचं होतं. घंटी ऐकली. सायकलची घंटी, दोनदा. मला वाटलं मागे आहे कुणीतरी, थांबेल. मी वळलो. ठोक्याचा आवाज फार मोठा नव्हता, कपाटाचं दार लागावं तेवढाच. मी ब्रेक दाबला तो त्यानंतर.

नन्हेलाल त्याचं नाव. सुतार आहे, पन्नाशीचा. खांद्याला हत्यारांची पिशवी, कामावर निघाला होता. रस्त्यावर रंधा एकीकडे, पटाशी एकीकडे, आणि तो मधे कुशीवर पडलेला, खुब्यापासून पाय वाकडा. ओरडला नाही. हात लांब करून हत्यारं जवळ ओढत होता. क्षितिजा माझ्या आधी उतरली, त्याच्याजवळ बसली, कुणालाही त्याला ओढू दिलं नाही, दोन माणसांना फळी आणायला लावली, मग त्याला एका टेंपोत नीट निजवून दवाखान्यात पाठवलं. तोवर गर्दी जमली, शिपाई आला. दमलेला माणूस, हातात वही. त्यानं विचारलं, "गाड़ी कौन चला रहा था?" मी म्हटलं, मी. आणि लगेच, त्यानं काही विचारलं नसताना, म्हटलं, "ब्रेक फेल हो गया." बत्तीस वर्षं एमटीत काढलेला मी. त्या गाडीचे ब्रेक मी स्वतः महिन्यापूर्वी करून घेतले होते. धुकं असतं तर धुक्यावर ढकललं असतं, पण त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं, म्हणून ब्रेकवर ढकललं.

शिपायानं क्षितिजाला विचारलं, "क्यों मैडम, ब्रेक फेल था?"

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या पंजाबीवर नन्हेलालचं रक्त होतं. मी तिला डोळ्यांनी सांगत होतो की हो म्हण.

"ब्रेक ठीक हैं," ती म्हणाली. "पापा ने ब्रेक लगाया ही नहीं. इनको साइकिल दिखी नहीं."

मग एका ई-रिक्षात आईला घालून ती निघून गेली. दवाखान्यात पोचेपर्यंत चंद्रप्रभेचे ओठ निळे पडले होते. वाचली. डॉक्टर म्हणाले आणखी तासभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. मी तेव्हा चौकीत बाकावर बसलो होतो आणि शिपाई माझे कागद बघत होता. लायसन मुदतीत. विमा मुदतीत. प्रदूषणाचा दाखला मुदतीत. सगळं प्लास्टिकच्या फायलीत, तारखेप्रमाणे लावलेलं. "कागज़ तो सब पक्के हैं बाबूजी," तो म्हणाला. जिला सगळं दिसत होतं तिच्याकडे कागद नव्हता म्हणून तिनं किल्लीला हात लावला नव्हता, आणि माझी फाइल बघून तो माणूस मला पाणी विचारत होता.

त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला. मी तुम्हाला सांगितलं की ब्रेक फेल झाला. आणि सांगितलं की क्षितिजानं एका कागदासाठी हट्ट धरला, म्हणून मला या कमरेनं गाडी काढावी लागली, नाहीतर हे घडतं ना. दोन्ही खोटं आहे. ब्रेक ठीक होते आणि पोरीचं बरोबर होतं. हे वाक्य लिहायला मला अठरा परिच्छेद लागले, मोजून बघा.

चार दिवस मी क्षितिजाशी बोललो नाही. स्वतःच्या बापाविरुद्ध भर रस्त्यात साक्ष दिली, असं माझं म्हणणं. मी ते ताटावर बसून भिंतीला सांगायचो. त्या चार दिवसांत कधीतरी, मशीनला जोडलेली असताना, तुमच्या बहिणीनं तिला काचबिंदूचं सगळं सांगितलं. क्षितिजा घरी आली आणि मला रिक्षात घालून डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं एक मशीन असतं. हनुवटी टेकून आत बघायचं, कुठंही दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी हुशारी केली. दिवे साधारण कुठल्या तालात येतात ते ओळखलं आणि त्या तालात बटण दाबत राहिलो. (संचलनात ताल कधी चुकला नाही माझा.) थोड्या वेळानं मशीनवरची मुलगी हळूच म्हणाली, "अंकल, अभी तो कोई लाइट आई ही नहीं." मागे क्षितिजा बसली होती. ती हसली. अपघातानंतर पहिल्यांदा. मग मलाही हसू आलं, आणि मग हसता हसता मला हनुवटी त्या मशीनवरून उचलताच येईना. त्या मुलीनं दिवा बंद करून आम्हाला थोडा वेळ एकटं सोडलं. नंतर छापून आलेला कागद क्षितिजानं मला दाखवला. सगळा काळा, मधे रुपयाएवढं पांढरं.

दुसऱ्या दिवशी नन्हेलालला भेटायला गेलो. खुब्यात सळई घातली आहे. चालेल, पण डॉक्टर म्हणतात पहिल्यासारखा नाही. त्याची बायको मला बघून भिंतीकडे तोंड करून बसली, आणि ती अजूनही, मी रोज जातो तरी, तशीच बसते. मी माफीचं घोकून गेलो होतो. नन्हेलालनं ते बोलू दिलं नाही. तो म्हणाला, "बाबूजी, एक बात पूछें? हमने घंटी बजाई थी. आपने सुनी नहीं?" बराच वेळ हेच त्याच्या डोक्यात चाललं असावं, की आपलंच काही चुकलं का, घंटी हळू वाजली का. मी म्हटलं, "सुनी थी." त्यानं मान हलवली. त्याला बरं वाटलं असावं. मला अजून वाटलेलं नाही. पोलिसांकडे नव्यानं जबाब दिला आहे, डोळ्यांच्या कागदासकट. पुढे जे व्हायचं ते होईल. विम्याचे त्याचे फॉर्म क्षितिजा भरते, त्याच्या खाटेशेजारी बसून.

परमिट चोवीस तारखेला आलं. पाच दिवस उशिरा. म्हणजे उशिरा नव्हे, जेव्हा यायचं तेव्हाच आलं.

आणि धैर्यशीलराव, मग क्षितिजानं गाडी काढली आणि लखनौनं असली गाडी आजवर पाहिली नसेल. रस्ता ओलांडायला कुणी नुसतं मनात आणलं तरी ही थांबते. गाय थांबली तर ही थांबते, आणि हिला थांबलेलं बघून गाय बसते. मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि ही आरशात बघून हात करून "सॉरी भैया" म्हणते. चाळीस मिनिटांच्या रस्त्याला सव्वा तास. तुमची बहीण मागे टेकून बसते आणि खिडकीतून लोकांना बघते. म्हणाली, लग्न होऊन या गावात आले, पण दुकानांच्या पाट्या आत्ता वाचल्या. एका चौराह्यावर वाहतूक पोलिसानं थांबवलं. (एवढी सावकाश जाते म्हणजे काहीतरी भानगड असणार, असं त्याला वाटलं असावं.) तिनं लायसन आणि परमिटाची पुस्तिका दिली. त्यानं पानं उलटली, पुढून, मागून, आडवी धरून. "इसमें हिंदी कहाँ है?" मग जन्मस्थानावर बोट ठेवून थांबला. लखनऊ. म्हणाला, "अरे, आप तो यहीं की हैं!"

"जी," क्षितिजा म्हणाली, "लेकिन अब मेहमान हूँ."

त्यानं दोन्ही कागद तिच्या हातात दिले आणि आमच्यासाठी बाकीची वाहतूक अडवून धरली. मी तिच्या शेजारी बसलो होतो आणि माझ्या नळीतून फक्त तिचे हात दिसत होते, स्टिअरिंगवर, जसे मी शिकवले होते तसे.

मी लायसन परत केलं. अर्जात कारण लिहायचं असतं. "दिखाई नहीं देता" एवढंच लिहिलं. खिडकीतल्या बाबूनं अर्ज वाचला, उठून बाहेर आला आणि माझा हात धरून मला पायऱ्यांपर्यंत सोडायला लागला. मला पायऱ्या दिसत होत्या. पण मी हात सोडवला नाही. क्षितिजा गेल्यावर आमच्या सेक्शनमधला जुना ड्रायव्हर चंद्रहास यादव बख्शी का तालाबहून आठवड्यातून तीन दिवस येणार आहे. त्याला मीच शिकवलंय. त्याच्याकडे लायसन आहे आणि डोळेही आहेत, दोन्ही मी तपासून घेतलं.

तर जर्मनीच्या परमिटाचं असं आहे. वहिनींना नमस्कार, सौरभला आशीर्वाद. या घरी तुमच्याविषयी जो आदर आहे तो आहे तिथंच आहे, कमी करायचा हक्क आता मला उरलेला नाही.

आपला,
शिवाजी

ता. क. : चंद्रप्रभेसाठी काही खायचं पाठवू नका. वहिनींनी पाठवलेली शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, सुकं खोबरं, यातलं काहीही तिला चालत नाही. ती बरणी उघडून वास घेते आणि बंद करते. तेवढ्यासाठी पाठवायचं असेल तर पाठवा.

ता. क. दोन : पत्र लिहिण्याचं कारण जर्मनी नाही. माझ्या फोननंतर दुसऱ्या दिवशी तुम्ही क्षितिजाला फोन केलात, हे मला काल कळलं. तिनं सांगितलं नाही, चंद्रप्रभेनं सांगितलं. तुम्ही तिला म्हणालात की कॅनडाला जाऊन शहाणी झालीस, एका कागदापायी आईला मरणाच्या दारात आणि बापाला चौकीत बसवलंस, असली लेक नसलेली बरी. ती स्वयंपाकघरात उभी राहून "जी मामा, जी मामा" म्हणत राहिली. एकदाही म्हणाली नाही की पापा खोटं बोलले. तुम्हाला खरं वाटेल असं तुम्हाला मी सांगितलं होतं, तुमचा दोष नाही. ती अठ्ठावीसला, शनिवारी, जाते. त्याच्या आत तिला फोन करा.

ता. क. तीन : चंद्रप्रभेला हे वाचून दाखवलं. ती म्हणते, दादाला सांगा, फोनवर हवापाणी विचारत बसू नकोस, आधी "चुकलो" म्हण आणि मग बाकीचं. मला तिनं मागच्या मंगळवारी पोरीसमोर उभं करून म्हणायला लावलं. शब्द लहान आहे, पण घसा फार कोरडा पडतो. पाणी जवळ ठेवा.